दीड वर्ष वापरून: ट्रंकेतला सोलर कुकर आणि गच्चीवरचा बंब

आधीच सांगते, हा माल कुठल्या दुकानात मिळत नाही. बनवणारा माणूस घरचाच, म्हणजे आमचे हे. एसटीच्या डेपोत बॉडी फिटर म्हणून तीस वर्षं पत्रा ठोकला, रिव्हेट मारले, खिडक्यांची रबरं बसवली, आणि रिटायर झाल्यावर हातांना चैन पडेना. त्यामुळे वॉरंटी किती, पैसे परत मिळतात का, असलं काही विचारू नका. इथे तक्रार केली की कारागीर जेवता जेवता उत्तर देतो, आणि ते उत्तर बहुतेक वेळा ‘तू नीट वापरलं नसशील’ असंच असतं. पण दीड वर्ष दोन्ही वस्तू मी स्वतः वापरल्या आहेत. सध्या बार्शीत आभाळ भरून आलंय, कुकर प्लॅस्टिक पांघरून बसलाय, शिवणाचं कामही फारसं नाही, म्हणून निवांत लिहिते.

वस्तू दोन. एक पेटीचा सोलर कुकर. दुसरी पाणी तापवायची. तिला आम्ही बंब म्हणतो, आत विस्तव नसला तरी.

हे खूळ आलं शिर्डीहून. मी रांगेत बाबांचं दर्शन कधी होतंय म्हणून बघत होते आणि हे प्रसादालयापाशी मान वर करून उभे. तिथल्या छतावर २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या, एकेक १६ चौरस मीटरची. ऊन एका जागी गोळा करून वाफ करायची आणि त्या वाफेवर खाली स्वयंपाक शिजवायचा. शेफलर म्हणून एका माणसाने ही तबकडी अशी रचली आहे की ती सूर्याच्या मागे फिरते, पण उजेड मात्र हलत नाही, ठरल्या जागीच पडतो. परतीच्या गाडीत कोपरगावपासून बार्शीपर्यंत मी हे ऐकलं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बघते तर माझी लग्नातली पत्र्याची ट्रंक गच्चीवर, झाकण वेगळं, पेटी वेगळी, आणि हे पत्रा कापायची कात्री घेऊन बसलेले. आतल्या साड्या मात्र घडी न मोडता पलंगावर ठेवल्या होत्या, एवढं श्रेय द्यायला हवं.

ट्रंक तीस इंच लांब, अठरा इंच रुंद. तिच्या आत दोन-दोन इंच जागा सोडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची दुसरी पेटी बसवली आणि तिला आतून फळ्याचा काळा रंग मारला, शाळेच्या फळ्याला मारतात तो, चकाकी नसलेला. दोन पेट्यांच्या मधल्या जागेत आधी थर्माकोल भरला होता. पहिल्याच आठवड्यात वास यायला लागला, म्हणून उघडून पाहिलं तर थर्माकोल आक्रसून वाळक्या पापडासारखा वाकडा झालेला. थर्माकोलला एवढी उष्णता सोसत नाही. मग तो सगळा काढून जुन्या उशांचा कापूस पिंजून ठासून भरला, तो अजून ठीक आहे. वर काचेचं झाकण, त्यात दोन काचा, मध्ये अर्ध्या इंचाची पोकळी. झाकण जिथे टेकतं तिथे बसच्या खिडकीला लावतात तसलं रबर. मागच्या बाजूला बिजागरीवर आरसा.

हे चालतं कसं, ते ह्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं आणि ते मला आवडलं: मे महिन्यात काचा बंद करून डेपोच्या आवारात उभी केलेली गाडी आठव. ऊन काचेतून आत येतं, काळ्या पत्र्यावर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता आल्या वाटेने सहज बाहेर जात नाही. बाकी सगळी कारागिरी तिला पळायला दुसरी वाट न ठेवण्याची.

आता वापराबद्दल.

रंग नवा असताना पेटी तीन दिवस रिकामीच तापवा. मी दुसऱ्याच दिवशी भात लावला होता. त्याला रंगाच्या डब्याचा वास होता, तो गाईनेसुद्धा हुंगून सोडून दिला. तीन-चार दिवस कडक ऊन दिल्यावर वास पूर्ण गेला, आजपर्यंत परत आलेला नाही.

डबे हलके हवेत, पातळ ॲल्युमिनियमचे, झाकण घट्ट बसणारे, आणि बाहेरून काळे. बाहेरूनच, आतून नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी हे ऐकून आपल्या स्टीलच्या जड डब्यात डाळ घालून दिली आणि दोन तासांनी ‘तुमचा कुकर काही कामाचा नाही’ म्हणाल्या. चकचकीत स्टील ऊन परत फेकतं, आणि जड भांडं स्वतःच तापण्यात निम्मा वेळ घालवतं. झाकण ढिलं असेल तर वाफ बाहेर येते, आतल्या काचेवर पाणी धरतं आणि ऊन आत यायचं तेवढं कमी होतं.

भात: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, एप्रिलमध्ये सकाळी साडेदहाला ठेवला की बाराच्या आत तयार. जानेवारीत दोन तास धरा. मोकळा होतो, तळाला लागत नाही, ढवळावं लागत नाही. तूरडाळ: बार्शीत डाळ चांगलीच मिळते, पण बोअरच्या जड पाण्यात ती कुठेच नीट शिजत नाही, कुकरातही नाही आणि उन्हातही नाही. मी पिण्याचं पाणी वापरते, अर्धा तास भिजवते, हळद आणि तेलाचे दोन थेंब. दोन तास. एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रेशर कुकरमध्ये डाळ गळून जाते तशी इथे होत नाही. दाणा मऊ पण अख्खा राहतो, रवीने घोटावं लागतं. पुरणाच्या डाळीला हे फार सोयीचं. गेल्या होळीला हरभऱ्याची डाळ यात शिजवली, कट वेगळा निघाला, डाळ फुटली नाही. पुरण शिजवायला मात्र खाली गॅसवरच यावं लागलं, तिथे ढवळल्याशिवाय भागत नाही.

बटाटे पाण्याशिवाय ठेवायचे, नुसते धुऊन डब्यात. सव्वा तास. सालं हाताने निघतात आणि बटाटा पाणचट होत नाही, भाजीला आणि वड्याला उत्तम.

पण या पेटीचं खरं काम कशात दिसतं विचाराल तर शेंगदाण्यांत. आमच्याकडे शेंगाची चटणी दर आठवड्याला लागते, सोलापूरकडची माणसं आम्ही. कढईत दाणे भाजायचे म्हणजे अर्धा तास उभं राहायचं, हात थांबला की एका बाजूने काळे. इथे अर्धा किलो दाणे ताटलीत एक थर पसरून ठेवते, झाकण न घालता, आणि मशीनवर जाऊन बसते. तासाभरात एखादा ब्लाऊज होतो आणि दाणेही. एकसारखा बदामी रंग, साल चोळलं की सुटतं, एकही दाणा करपत नाही. अशा दाण्यांच्या चटणीला तेल चांगलं सुटतं असं माझं म्हणणं आहे. हे म्हणतात हा भास आहे. चटणी खाणारी माणसं माझ्या बाजूने आहेत. रवासुद्धा असाच भाजते, पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून मे महिन्यात पेटीत तापवून ठेवते, आणि साखरांबा तर यात असा होतो की पूर्वी गच्चीवर दादरा बांधून आठ-आठ दिवस बरणी ठेवायचो ते काम दोन दिवसांत उरकतं. उन्हातला मुरंबा करणाऱ्या बायकांना सोलर कुकर म्हणजे काही नवल नाही, आपण नुसतं झाकणच लावलं.

काय होत नाही, तेही सांगते. भाकरी होत नाही. पोळी होत नाही. फोडणी होत नाही, तळण होत नाही. ह्यांनी भट्टीचा थर्मामीटर आणून ठेवला आहे. रिकामी पेटी एप्रिलमध्ये १२८ अंशांपर्यंत गेली, पण आत डाळ-भात असला की आकडा शंभरच्या आसपासच रेंगाळतो. शिजायला तेवढं पुरतं, भाकरी फुगायला तवा लागतो. म्हणजे गॅस बंद होत नाही, कमी होतो. ज्यांना कुणी ‘गॅस लागणारच नाही’ म्हणून सांगितलं असेल त्यांनी त्या माणसाच्या घरी कोण भाकऱ्या थापतं ते विचारून यावं.

ह्यांना कुठून तरी कळलंय की १८७०च्या दशकात मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रजाने आठ आरशांचा सौरकुकर केला होता आणि सात सैनिकांचं मांस आणि भाज्या दोन तासांत शिजवल्या होत्या, तेही जानेवारीत. हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. त्या सात जणांत एक जरी सोलापूरचा असता तर त्याने भाकरी कुठे म्हणून विचारलं असतं.

झाकण सारखं उघडून बघू नका. एकदा उघडलं की आत जमलेली उष्णता भस्सकन जाते आणि दहा-पंधरा मिनिटं मागे पडतं. सासूबाईंना ही सवय लागायला महिना गेला. शिजलंय का ते डाव घालून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे.

काचेचा अनुभव महागात पडला. पहिली साधी चार मिलिमीटरची काच होती. भर दुपारी वर धूळ दिसली म्हणून मी ओला फडका फिरवला. टक्कन आवाज झाला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. ‘नीट वापरलं नसशील’ हे तेव्हा खरं होतं, मान्य. नंतर टफन केलेली काच बसवली. ती एकदा टफन झाली की कापता येत नाही, म्हणून माप आधीच अचूक द्यावं लागतं. सोलापूरहून यायला आठ दिवस लागले आणि आली ती अगदी बिनचूक बसली. पत्रा ठोकणाऱ्या माणसाचं माप चुकत नाही, बाजारातून आणायच्या भाज्यांचं चुकतं.

आरसा म्हणजे या वस्तूतला सगळ्यात कटकटीचा भाग. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा आरसा जवळजवळ सरळ उभा ठेवायचा आणि पेटीच्या मागच्या बाजूला एक वीट लावून ती थोडी कलती करायची. मे महिन्यात, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, दुपारी ऊन एवढं डोक्यावर येतं की गच्चीच्या कठड्याची सावलीच पडत नाही. तेव्हा आरसा मागे रेलून ठेवायचा. कोन चुकला की उजेड पेटीत न पडता तिसरीकडेच. एकदा तो समोरच्या घराच्या हॉलमध्ये जात होता, आणि तिथले आजोबा दोन दिवस टीव्ही दिसत नाही म्हणून केबलवाल्याला फोन करत होते. दर अर्ध्या-पाऊण तासाने पेटी थोडी फिरवायची असते. मी घरीच शिवणकाम करते म्हणून मला जमतं. शिवाय आरशाच्या समोर वाकून आत बघू नका, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी जुना काळा गॉगल वर खिळ्याला अडकवून ठेवला आहे. आणि वावटळ. एप्रिलमध्ये दुपारी एक वावटळ आली, आरसा धाडकन झाकणावर आपटला, काच वाचली पण आरशाचा कोपरा गेला. आता आरशाला दोन्ही बाजूंनी साखळी आहे. ही साखळी पहिल्या दिवशीच असायला हवी होती, असं मी तेव्हाही म्हटलं होतं.

अजून एक चूक माझी नाही, दोघांची. दुपारी भात झाला, खाली आणायचा राहिला. संध्याकाळी सातला पेटी उघडली तर भात आंबलेला, तार सुटलेली. ऊन उतरलं की पेटी हळूहळू कोमट होते आणि तसल्या कोमटपणात शिजलेलं अन्न तासन्तास राहिलं की खराब होणारच. शिजलं की बाहेर काढा. ढग आले आणि डाळ अर्धी कच्ची राहिली तरी तेच, वाट बघत बसू नका, खाली आणून गॅसवर पुरी करा. तापलेलीच असते, दोन शिट्ट्यांत होते.

गॅसचा हिशोब असा. सिलिंडर लावला की मी कॅलेंडरवर तारखेला गोल करते, ही सवय जुनी. आम्ही घरात तिघं. आधी १४.२ किलोचा सिलिंडर चाळीस-एक्केचाळीस दिवस जायचा. मार्च ते मे या दिवसांत तो चौपन्न-पंचावन्न दिवस गेला. जून ते सप्टेंबर पुन्हा होता तिथेच. खर्च ट्रंक सोडून बावीसशे रुपये, फुटलेल्या काचेचे चारशे वेगळे. ट्रंकेची किंमत मी लावलेली नाही, ती लावली तर हिशोब बिघडेल.

कुकरला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण आरशाचा कापला.

आता बंब. इथे माझी तक्रार जास्त आहे.

पहिला प्रयोग दिवाळीच्या सुमारास झाला. मेव्हण्याच्या शेतातली ठिबकची काळी नळी, सोळा मिलिमीटरची, भोकं नसलेली, शंभर मीटरचं बंडल. ती गच्चीवर जिलबीसारखी गोल गुंडाळून पसरली, एक टोक वरच्या टाकीला, दुसरं न्हाणीघराच्या नळाला. खर्च नावालाच. कारागीर खूश. दुपारी बाराला नळ सोडला तर हात भाजेल असं पाणी! सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. आणि मग पाऊण बादली भरल्यावर तेच पाणी टाकीतल्यासारखं गार. कारण शंभर मीटर नळीत पाणी मावतं जेमतेम पंधरा लिटर. एक बादली चटका, दुसरी बादली हुडहुडी. दोन्ही एकत्र करून आंघोळ होते हे खरं, पण दुपारी बाराला आंघोळ करणारं आमच्या घरात कोण आहे? संध्याकाळी सहाला नळी हवेइतकीच गार, कारण तिला पांघरूण काहीच नाही. सकाळी सहाला तर नळीतलं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षाही थंड, रात्रभर उघड्या आभाळाखाली पडून असतं ना.

त्यात भर म्हणजे तापल्यावर नळी मऊ पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्हे, भर नोव्हेंबरात दुपारी जॉइनर सटकला आणि टाकीतलं निम्मं पाणी गच्चीवरून समोरच्या रस्त्यावर. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. नंतर जॉइनरला क्लॅम्प बसवले, पण माझ्या मनातून ती नळी उतरली. आता ती झाडांना वापरते. ज्यांच्या घरी दुपारी भांडी घासायला किंवा कपडे भिजवायला बाई येते त्यांना ही नळी पुरेशी आहे, आंघोळीसाठी करू नका.

दुसरा प्रयोग जानेवारीत. भंगारवाल्याकडे बंद पडलेले दोन गिझर मिळाले, पंचवीस-पंचवीस लिटरचे. बाहेरचं आवरण, आतली कॉइल, सगळं काढून नुसत्या आतल्या टाक्या घेतल्या, पाणी भरून गळती तपासली, काळा रंग मारला आणि चार फूट बाय तीन फुटांच्या लाकडी पेटीत आडव्या शेजारी-शेजारी बसवल्या. खाली आणि बाजूंना कापूस आणि वर्तमानपत्रांचे बोळे, त्यावर चकचकीत पत्रा, वर काच. पेटी दक्षिणेकडे तोंड करून लोखंडी अँगलवर कलती. थंड पाणी खालच्या अंगाने आत येतं, गरम पाणी वरच्या अंगाने निघतं, पहिल्या टाकीतलं दुसरीत जातं. सगळ्यात वर एक उघडी नळी काढून ती टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच नेली आहे, हवा आणि वाफ निघून जायला. ही नळी कुणी विसरू नका आणि तिला नळ किंवा बूच बसवू नका. दोन्ही तोंडं बंद असलेल्या टाकीत पाणी तापवणं म्हणजे घरात फटाका बांधून ठेवणं. या एका बाबतीत ह्यांनी मला न विचारता शहाणपणा केला.

पन्नास लिटर पाणी. जानेवारीत दुपारी चारला बावन्न अंश, मार्चमध्ये साठच्या वर. म्हणजे काम होतं. पण पाणी गरम होतं दुपारी चारला, आणि आंघोळीची वेळ सकाळी सहाची. मधल्या चौदा तासांत काच जशी ऊन आत घेते तशीच रात्री उष्णता बाहेरही सोडते. पहिल्या रात्री काहीच झाकलं नाही, सकाळी पाणी जेमतेम कोमट. मग साडेचारला काचेवर जुनी गोधडी चौपदरी करून घालायची आणि तिच्यावर ताडपत्री, हा नेम सुरू केला. तेव्हा जानेवारीत सकाळी छत्तीस अंश, म्हणजे अंगावर घेता येतं पण समाधान होत नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून बेचाळीस आणि पुढे, तेव्हा मस्त. थोडक्यात, गरम पाण्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा बंब निम्मं काम करतो आणि मे महिन्यात, जेव्हा कुणाला गरम पाणी नको असतं, तेव्हा उकळून देतो. मे महिन्यात आम्ही गोधडी काढतच नाही, दिवसासुद्धा.

गोधडी घालायला रोज साडेचारला वर जावं लागतं आणि सकाळी ऊन आलं की काढायला परत. विसरलं की दुसरा दिवस गेला. आणि हे काम कारागीर करत नाही, त्या वेळी ते झोपलेले असतात.

यातून मार्ग काढला तो सासूबाईंनी. वय एक्याऐंशी. एक दिवस म्हणाल्या, मी सकाळी आंघोळ करायचीच कशाला, चारला करते. त्या माहेरी असताना तांब्याचं घंगाळ दिवसभर अंगणात उन्हात ठेवून तान्ह्या मुलांना तिसऱ्या प्रहरी न्हाऊ घालत. त्यांना यात वेगळं काही वाटलंच नाही. देवपूजा आम्ही करतो, त्यांच्यावर वेळेचं बंधन नाही. तेव्हापासून चारला त्यांच्या दोन बादल्या, भरपूर गरम, त्यात विसण घालावं लागतं इतकं. गुडघ्यांवर कढत पाणी घेतात आणि संध्याकाळी जिना न कुरकुरता चढतात. राहिलेल्या पाण्यावर गोधडी. सकाळी आमच्या दोघांचं त्यात भागतं, थंडीच्या दिवसांत गॅसवर एक पातेलं तापवून मिसळते. पूर्वी तीन पातेली लागायची.

नाहीतर बंब मी कधीच मोडीत काढला असता. ज्या घरातली सगळी माणसं सकाळी आठला डबे घेऊन बाहेर पडतात त्यांच्या हा कामाचा नाही, त्यांनी विकतचा घ्यावा. माझ्या भावाने काचेच्या नळ्यांचा घेतला आहे, त्याची टाकी चारी बाजूंनी जाड आवरणात असते, उन्हाकडे नुसत्या नळ्याच असतात, त्यामुळे सकाळपर्यंत पाणी चांगलं गरम राहतं. आमच्या टाक्यांना तेच ऊनही खायचं आणि तेच पाणीही धरायचं, मग रात्री गारठणारच. कुकरचंही तेच, साडेदहा ते दीड घरी कुणी असलं तर तो सोन्यासारखा आहे, नसलं तर गच्चीवरची अडगळ.

बोअरच्या पाण्याने टाकीत क्षार धरतो, गरम पाण्यात तर जास्तच. सहा महिन्यांनी उघडलं तेव्हा तळाशी पांढरी खरपुडी बोटभर जाड. आता खालच्या अंगाला एक निचऱ्याचा नळ बसवला आहे, महिन्यातून एकदा सोडून देते. जुन्या टाकीला गंज किती वर्षं लागणार नाही कोण जाणे, भंगारातलीच ती. ते पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला वापरत नाही. खर्च साडेचार हजार, त्यातले निम्मे काच आणि अँगलचे.

बंबाला पाचपैकी अडीच. सासूबाई म्हणतात पाच दे. त्यांचे पाच आणि माझे अडीच वेगळे वेगळे लिहिते.

बरेच जण विचारतात की बनवून देता का. हे नाही म्हणतात, पण आलेल्या माणसाला तासभर गच्चीवर उभं करून एकेक रिव्हेट दाखवतात आणि मापं कागदावर काढून देतात, चहा मी देते. फळ्याचा रंग, सायकलची ट्यूब किंवा खिडकीचं रबर, टफन काच, एवढं जमवलं तर कुठलाही फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत पेटी करून देईल. लाकडी खोकं असलं तरी चालतं. माझी नणंद मागच्या महिन्यात आली होती, तिला दाण्यांचा रंग बघून कुकर हवाच आहे. तिची लग्नातली ट्रंक अजून शाबूत आहे, माझ्यापेक्षा मोठी. ह्यांना मी सांगून ठेवलंय.